बाईंचा प्रोग्राम बिघडत नाही

…आणि बिघडत नाही हो! तुम्हाला सांगतो, हीच तर माझी तक्रार आहे, आणि ही तक्रार घेऊन जायला जगात एक खिडकी सापडत नाही, कारण सगळ्या खिडक्या बिघडलेल्यांसाठी. तुमचं बिघडतं ना? कॉम्प्युटर म्हणा, मिक्सर म्हणा, गुडघा म्हणा… बिघडतो ना? मग तुम्ही नशीबवान आहात. आमच्या खालच्या मजल्यावर हिशेब विभागात एक गृहस्थ आहेत, त्यांचा प्रिंटर दर सोमवारी कागद गिळतो. गिळला रे गिळला की अर्धं ऑफिस त्यांच्या टेबलाभोवती. एक जण झाकण उघडतो, एक जण टॉर्च धरतो, एक जण नुसताच "मी सांगितलं होतं" एवढं म्हणायला येतो, कोणीतरी चहा मागवतं, आणि तो कागद निघेपर्यंत कोणाच्या मुलीचं कुठं जमलं, कोणाची शुगर किती वाढली, सगळं बोलून होतं. आणि माझ्याकडे? एक मशीन, तीन प्रोग्राम, तीन व्हर्जन, आणि दिवसभरात दार वाजत नाही. का? तर सगळं चालू आहे म्हणून.

म्हणजे मी कोण, ते सांगायचं राहिलंच. मी बस डेपोत असतो. बस चालवत नाही, बसमध्ये बसतही नाही, मला गाडी लागते. मी वेळापत्रक विभागात. वर्कशॉपच्या मागून लोखंडी जिना वर जातो, त्याच्या टोकाला आमची खोली, खिडकी उघडली की डिझेलचा वास आणि बंद केली की आमचाच वास. चार टेबलं, चार खुर्च्या, त्यातली एक माझी. डेपोत मला माझ्या नावानं कोणी हाक मारत नाही. मला म्हणतात 'जपून'. कारण काय, तर मला सवय आहे. जिना ओला आहे, जपून. चहा काठोकाठ भरलाय, जपून. एकदा एक ड्रायव्हर लाजत लाजत सांगायला आला, लग्न ठरलं म्हणून, तर मी त्याचा हात हातात घेतला आणि म्हणालो, "अरे वा… जपून." तेव्हापासून मी जपून. निवृत्त होईन तेव्हा पाटीवरही तेच लिहितील.

तर त्या चार खुर्च्यांवर चौघं होतो. खिडकीपाशी आजोबा. आजोबा म्हणजे आमच्यातले सगळ्यात जुने, त्यांनी ड्रायव्हर-कंडक्टरांच्या ड्युटी लावणारा प्रोग्राम लिहिला. दाराजवळ धांदल. हा दाराजवळच बसायचा, कारण याला कायम कुठंतरी जायचं असायचं, बोलतानासुद्धा वाक्याच्या शेवटापर्यंत थांबायचा नाही. त्यानं वर्कशॉपच्या सुट्या भागांचा प्रोग्राम लिहिला. आणि माझ्या समोर बाई. बाईंनी वेळापत्रकाचा प्रोग्राम लिहिला, म्हणजे कुठली बस कुठून किती वाजता सुटणार आणि पुलावर दोन बस समोरासमोर येऊ नयेत म्हणून कोणी कुठं थांबायचं. अवघड काम. बाई ते करताना पेन्सिल केसात खोवायच्या आणि मग तीच पेन्सिल टेबलभर शोधायच्या. मी सांगायचो नाही. शोधताना त्या स्वतःशी हसायच्या, ते मला बरं वाटायचं.

आता पायथन म्हणजे काय ते विचाराल. प्रोग्राम लिहायची एक भाषा आहे हो, चावत नाही. पण या भाषेची सारखी नवी नवी व्हर्जन निघतात, आणि जुन्यात लिहिलेलं नव्यात चालेलच असं नाही. आजोबांचा प्रोग्राम दोन पॉइंट सातचा. धांदलला मशीनवर जे काय असेल ते चालायचं. बाईंचा आणखी तिसराच. आणि हे सगळं विंडोजऐवजी लिनक्सवर चालणाऱ्या एकाच मशीनवर, एकाच पायथनच्या आसपास, एका चुलीवर तिघांचा स्वयंपाक! धांदलनं घाईघाईत आपल्यासाठी काहीतरी नवीन बसवलं की आजोबांच्या ड्युटी कोसळायच्या. एकदा तर एका बसवर दोन ड्रायव्हर लागले आणि दुसरीवर एकही नाही. दोघं एकाच दारातून चढायला बघतायत, मागच्या बसमधले प्रवासी माना बाहेर काढून विचारतायत, आमचा कुठाय? मग सगळी वरात जिन्यानं वर. आजोबा म्हणतायत, "माझ्या प्रोग्रामला हात कोणी लावला?" धांदल म्हणतोय, "मी नाही, म्हणजे मी, पण ते मी दुसऱ्याच…" आणि बाई मधेच, अगदी शांतपणे, "आधी कुठला पायथन चालू आहे ते बघा." मग आम्ही चौघं एका पडद्यात डोकी घालायचो. तुम्हाला सांगतो, रोज काहीतरी बिघडायचं आणि रोज आम्ही डब्याची वेळ टाळून एकत्र बसायचो, आणि तेव्हा मला वाटायचं, काय ही कटकट. मला वाटायचं, हे एकदा कायमचं नीट करून टाकावं.

आणि मी केलं! जपून केलं. तीन वेगळ्या चुली मांडल्या. त्याला म्हणतात व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट. नाव केवढं! आहे काय, तर खोली. एकेका प्रोग्रामला एकेक बंद खोली, ज्याचं त्याचं व्हर्जन ज्याच्या त्याच्या खोलीत, ज्याची त्याची सामग्री ज्याच्या त्याच्या फळीवर, एकाचं दुसऱ्याला दिसायचं नाही, एकानं दुसऱ्याचं काही सांडायचं नाही. आजोबांसाठी आणि बाईंसाठी तर मी पायथन पार मुळापासून बांधून घेतला. काळ्या पडद्यावर तासभर ओळी धावत होत्या, मी समोर बसून, जणू काय घराचा स्लॅब पडतोय. धांदलची खोली मात्र मशीनच्याच पायथनला टेकवली, तो म्हणाला, "चालेल चालेल, टाका," आणि गेला. खोल्यांना नावं द्यावी लागतात. मी दिली: आजोबा, धांदल, बाई. कमांड दिली की आपण त्या खोलीत शिरतो आणि ओळीच्या सुरुवातीला कंसात ते नाव येतं. बाहेर पडलो की नाव जातं. त्या दिवसापासून काही बिघडलं नाही. त्या दिवसापासून चौघांनी एका पडद्यात डोकी घातली नाहीत.

मग एकेक जण गेला. आजोबा निवृत्त झाले आणि वर्ष सरायच्या आत वारले. त्यांचा प्रोग्राम चालू आहे. धांदलला दुसरीकडे नोकरी लागली, जाताना तो आपला डबा विसरला, अजून कपाटात आहे. मग वर्षभर आम्ही दोघंच. समोरासमोर. काही बिघडत नव्हतं, त्यामुळे बोलायलाही काही नव्हतं. म्हणजे होतं हो… पण कामाचं नव्हतं, आणि बिनकामाचं कसं बोलायचं हे मला कोणी शिकवलं नाही. मग बाईंच्या भावाची बायको आजारी पडली, घरात लहान मुलं, बाई म्हणाल्या, मला जावं लागणार. त्या दुसऱ्या गावाला गेल्या, भावाकडे. जायच्या दिवशी टेबल आवरता आवरता मला म्हणाल्या, "माझ्या प्रोग्राममध्ये रोज एक वॉर्निंग येते, बघितलीत ना? त्यातली एक पद्धत पुढच्या व्हर्जनमध्ये काढून टाकणार आहेत. वर्षभरात बिघडेल तो. बिघडला की मला फोन करा."

आणि मी काय म्हणालो असेन? सांगा, काय म्हणालो असेन? मी छाती पुढे काढून म्हणालो, "अजिबात काळजी करू नका. मी बिघडू देणार नाही."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग पर्सची चेन लावली. चेन अडकली होती, मी म्हणालो, जपून.

आणि बिघडू दिला नाही! त्यांच्या खोलीतलं सगळं जिथल्या तिथं गोठवून टाकलं. व्हर्जन तेच, सामग्री तीच, बाहेर जगात नवी नवी पायथनं आली, माझ्या बाईंच्या खोलीत तो सगळा काळ शिरलाच नाही. मी शिरू दिला नाही. रोज सकाळी येतो, मशीन चालू करतो, आधी आजोबांकडे जातो, ड्युटी काढतो, बाहेर. मग धांदलकडे, बाहेर. मग बाईंकडे. कंसात बाई. प्रोग्राम चालतो, वेळापत्रक निघतं, आणि निघता निघता ती एक ओळ उमटते: ही पद्धत पुढच्या व्हर्जनमध्ये चालणार नाही. हसू नका, पण दिवसभरात माझ्याशी आपणहून बोललेलं ते एकच वाक्य असतं. मी मनात म्हणतो, माहीत आहे बाई. मग बाहेर पडायची कमांड देतो, आणि कंस निघून जातो.

आता तुम्ही म्हणाल, अहो मग करा की फोन. काय सांगून? बिघडला की करा म्हणाल्या होत्या, बिघडला कुठं आहे? तुम्ही म्हणाल, मग बिघडवा. तेही मनात आलं माझ्या, नाही म्हणत नाही. एक ओळ खोडली की झालं. पण पहिल्या बसला इस्पितळातल्या नर्स असतात हो, रात्रपाळी करून घरी जाणाऱ्या, स्टॉपवर उभ्या उभ्या डुलक्या काढतात. माझ्या फोनसाठी त्यांनी का ताटकळायचं? आणि मुद्दाम बिघडवून, "बाई, आपोआप बिघडलं," असं मला म्हणता येणार नाही, माझे कान लाल होतात, फोनवरसुद्धा कळतं. तेव्हा मी वाट बघायचं ठरवलं. प्रामाणिकपणे बिघडायची वाट. तर ते बिघडत नाही हो!

आणि मग ती दुपार आली. मी मशीन आवरत होतो. तीन खोल्या मला माहीत, पण त्याशिवाय मशीनमध्ये एक पायथन नुसताच पडून होता. ना आजोबांचा, ना बाईंचा, त्याला काही नाव नाही. मी म्हटलं, हा कोण? उगाच कशाला जागा अडवतोय? काढायची कमांड दिली. लिनक्स बिचारं सभ्य, त्यानं भली मोठी यादी दाखवली, याच्यासोबत हे हे जाईल, चालेल का? मी, जपून, चष्मा पुसून ती यादी वाचायला घेणार, एवढ्यात टेबलावरचा फोन वाजला.

अहो, फोन वाजला! तो फोन शेवटचा कधी वाजला होता मला आठवत नाही. मी एका हातानं 'हो' दाबलं आणि दुसऱ्या हातानं रिसीव्हर उचलला. पलीकडून एक बाई विचारतायत, "सोफ्याचं दुकान का?" मी म्हटलं, नाही. मग कोण? म्हटलं, वेळापत्रक विभाग. "वेळापत्रक नको हो, आम्हाला सोफा हवाय." म्हटलं, कसला हवाय? कसला हवाय विचारलं मी! दोन मिनिटं आम्ही कापडाच्या रंगावर बोललो. मग त्यांना शंका आली आणि त्यांनी ठेवला. मी वळून बघतो तर पडदा काळा. खिडक्या नाहीत, चित्रं नाहीत, बाण नाही. तो बिननावाचा पायथन मशीनचा स्वतःचा होता हो! ज्याच्या जिवावर सगळा डोलारा उभा, तो मी सोफ्याच्या नादात काढून टाकला होता.

घाबरलो? छे! तुम्हाला सांगतो, माझ्या अंगावर आनंदानं काटा आला. बिघडलं! प्रामाणिकपणे बिघडलं! मी उठलो, केस विंचरले. फोनवर दिसत नाहीत हे माहीत आहे, तरी विंचरले. पाणी प्यायलो. दोनदा मोठ्यानं म्हणून बघितलं, "बाई, मी बोलतोय. बिघडलं." पहिल्यांदा फार आनंदी वाटलं, म्हणून दुसऱ्यांदा जरा काळजीच्या सुरात म्हटलं. रिसीव्हर उचलला… आणि स्वभाव आडवा आला. म्हटलं, आधी बघून तर घेऊ. त्या विचारतील, नक्की काय बिघडलं, तर सांगता आलं पाहिजे. काळ्या पडद्यावर कमांड दिली. कंसात बाई. म्हटलं, आता आपटणार.

वेळापत्रक निघालं. सगळं. पुलावरच्या बससकट. खाली ती ओळ: ही पद्धत पुढच्या व्हर्जनमध्ये चालणार नाही.

कारण त्यांचा पायथन मी मुळापासून वेगळा बांधला होता ना! सगळं घर कोसळलं आणि ती एक खोली, दिवा लावून, जशीच्या तशी. आजोबांचीही तशीच. पडली ती फक्त धांदलची, मशीनच्या पायथनला टेकलेली. म्हणजे मला फोन करायचं कारण मिळालं, पण कोणाला? धांदलला.

केला. करावाच लागला, वर्कशॉपवाले ब्रेकचे भाग मागत होते. "कोण? कोण जपून? अरे जपून! बोला बोला, काय, मशीनचाच पायथन काढला? तुम्ही? तुम्ही काढलात? हां, मग असं करा, काळ्या पडद्यावरच राहा, तो परत बसवा, त्याच्यामागे डेस्कटॉप परत बसवा, माझी ती खोली मोडून नवीन बांधा, झालं, चला मी जरा गडबडीत… हां, आणि बाईंना फोन करा एकदा, गेल्या वर्षी भेटल्या होत्या कोणाच्या तरी लग्नात, विचारत होत्या, माझा प्रोग्राम काढून टाकला का हो तिथं? म्हटलं मला काय माहीत, चला ठेवतो." ठेवला. डब्याचं सांगायचं राहिलं.

काढून टाकला? मी? मी खुर्चीत बसलो. चार वर्षं मी इकडे एक टाचणी हलू दिली नाही, आणि तिकडे बाईंना वाटतंय, फोन नाही म्हणजे प्रोग्राम काढून टाकला. हे काही माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मशीन धांदलनं सांगितलं तसं दुपारभर बसून उभं केलं, ब्रेकचे भाग दिले, आणि मग काहीच बिघडलेलं नसताना बाईंचा नंबर लावला.

त्यांनी हॅलो म्हटलंच नाही. म्हणाल्या, "काय बिघडलं?"

म्हटलं, "काही नाही."

मागे मुलांचा आवाज येत होता, कोणीतरी खुर्ची ओढत होतं. मग म्हणाल्या, "चालतो अजून?"

"रोज."

"ती वॉर्निंग येते?"

"रोज सकाळी. मी वाचतो."

मग त्या अगदी हळू म्हणाल्या, "ती एक ओळ बदलायला मला चहा निवेपर्यंतचासुद्धा वेळ लागला नसता."

आणि मी… माणसानं विचारावं का? मी विचारलं, "मग बदलली का नाहीत?"

बाई म्हणाल्या, "तुम्ही जपून आहात हे माहीत होतं. इतके जपून असाल हे माहीत नव्हतं."

मग त्याच बोलत राहिल्या. भावाची बायको गेली, मुलं मोठी होतायत, कॉम्प्युटरला हात लावून किती दिवस झाले, सगळं विसरले म्हणाल्या, "आता बिघडला तरी मला नीट करता यायचा नाही." मी म्हटलं, मग मी फोन…? तर म्हणाल्या, "ते तुम्ही बघा." तेवढ्यात मागून हाक आली, आत्या, कुलपाची किल्ली कुठाय, आणि त्या "आले" म्हणाल्या. ते मला नव्हतं म्हटलेलं. फोन ठेवला.

आता ऐका. दुसऱ्या दिवशी मी काय केलं? नवीन खोली बांधली. एकदम नवीन व्हर्जन, आत्ताच निघालेलं. म्हटलं, बाईंचा प्रोग्राम उचलायचा आणि यात ठेवायचा, बिघडू दे एकदाचा, मग बघू. खोलीला नाव द्यावं लागतं. बाई हे नाव वापरात होतं, मग सुचेना, मग दिलं माझं. आत शिरलो. कंसात जपून. पहिल्यांदाच बघितलं हो स्वतःचं नाव तिथं. मग प्रोग्राम हलवायला गेलो, आणि हात पुढे जाईना. म्हटलं, खरंच बिघडला तर? त्या म्हणाल्या तसं त्यांनाही नीट करता आला नाही तर? मग माझ्याकडे राहिलं काय? जुन्या खोलीत निदान रोज सकाळी एक ओळ तरी येते.

तर ती नवी खोली आहे तशीच आहे. रोज शेवटी तिच्यात एक चक्कर मारतो, आजोबा झाले, धांदल झाला, बाई झाल्या की. ओळीच्या सुरुवातीला कंसात मी, आणि पुढे नुसता तो, पुढच्या अक्षराची वाट बघणारा, कर्सरचा चौकोन लुकलुकतोय. ना वॉर्निंग, ना चूक, ना कोणी. तुम्हाला सांगतो, अख्ख्या मशीनमध्ये सगळ्यात उत्तम चाललेली खोली ती. कधी म्हणून काही बिघडत नाही हो. बिघडायला आधी आत कोणीतरी राहायला यावं लागतं.